पत्र्याखालचं रॉकवूल आणि त्यातून जाणारी वायर

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारे कोल्हापूरच्या कसबा बावड्याचे. घर स्वतःचं, वरच्या मजल्यावर पत्रा, त्याखाली जिप्समचं सीलिंग. दोन्हींच्या मध्ये पोकळी आहे, आढ्याखाली अडीच-तीन फूट आणि कडेला वीतभर. एप्रिल-मे महिन्यात वर बसवत नाही, म्हणून सीलिंगच्या पाठीवर 50 मिलिमीटरचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची उष्णता अडवणारी गादी, अंथरायचा बेत आहे. अडचण अशी की त्याच पोकळीतून पंखे-लाइटच्या वायरी गेल्यात, शिवाय एसीची एक आणि बाथरूमच्या गिझरची एक. काही पाइपात आहेत, काही मोकळ्याच पडल्यात. काका म्हणतात, वायर झाकली की जळते. दुकानदार म्हणतो, एफआर वायर आहे, काही होत नाही. खरं कुणाचं? आणि रविवारी मेव्हण्याला हाताशी घेऊन घरच्या घरी केलं तर चालेल का?

काकांचं जास्त खरं आहे. दुकानदार खोटं बोलत नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतोय.

मी सत्तावीस वर्षं वायरिंगचं काम करतो. सुरुवात उद्यमनगरात मोटार रिवाइंडिंगपासून झाली आणि तिथं पहिल्या वर्षात जे डोक्यात बसलं तेच इथं लागू पडतं: तांबं जळत नाही, जळतं ते त्याच्यावरचं आवरण, आणि तेही एका दिवसात नाही. वाइंडिंगवाल्यांचा जुना आडाखा आहे, मोटार ठरल्यापेक्षा दहा डिग्री जास्त तापत राहिली की तिच्या इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. घरच्या पीव्हीसी वायरीचंही वळण तेच. आपल्याकडं घरात वापरतो ती आयएस 694 या भारतीय मानकाची साधी पीव्हीसी वायर, तिच्या आतल्या तांब्याला कायमसाठी 70 डिग्रीची मर्यादा असते. त्याच्या वर गेली की लगेच आग लागत नाही. आवरण हळूहळू कडक होतं, तपकिरी पडतं, आणि एक दिवस वाकवायला गेलं की पापडासारखं मोडतं.

एफआर म्हणजे आग लागली तर त्या वायरीवरून ती पुढं पसरत जाणार नाही. एवढाच त्याचा अर्थ. ती जास्त उष्णता सोसते असा अर्थ नाही, तिलाही तीच 70 डिग्रीची मर्यादा. जास्त तापमानाची वायर वेगळी मिळते, तिच्यावर तसं छापलेलं असतं आणि ती मागूनच घ्यावी लागते.

आता झाकल्यानं नेमकं काय होतं ते आकड्यांत बघू. तीन किलोवॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 13 अँपिअर ओढतो. अडीच स्क्वेअरच्या, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या, वायरीतून तो प्रवाह गेला की फेज आणि न्यूट्रल मिळून दर मीटरला पावणेतीन वॅटच्या आसपास उष्णता निघते. म्हणजे सहा मीटर वायरीत पूर्वीच्या झिरोच्या बल्बाएवढी. हवेत मोकळी असली तर ही उष्णता कुठं जाते तेही कळत नाही. पण रॉकवूलचं कामच उष्णता अडवणं. पत्र्याची वरून येणारी असो की वायरीची आतून निघणारी, त्याला दोन्ही सारख्याच. उन्हातनं पळत आलेल्या माणसाच्या अंगावर धनगरी घोंगडं टाकलं तर त्याचं जे होईल ते वायरीचं होतं.

घरातली एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, यात मदतीला येत नाही, हे फार जणांना पटत नाही. 20 अँपिअरची एमसीबी 20 ला पडते असा समज आहे. प्रत्यक्षात तिला 22-23 अँपिअरपर्यंत तासभर न पडता तग धरायची मुभा असते, आणि 29 अँपिअर झाले तर तासाभराच्या आत पडणं बंधनकारक असतं. तुमचा गिझर 13 अँपिअर घेतोय. एमसीबीच्या दृष्टीनं सगळं आलबेल. वायर मोकळ्या हवेत आहे की चार इंच वूलच्या पोटात, हे तिला कळायची सोयच नाही.

किती कमी धरायचं याचा सरळ हिशेब ब्रिटिश वायरिंग नियमांत, बीएस 7671 मध्ये, दिलेला आहे. तिकडं माळ्यावर इन्सुलेशन घालणं घरोघरी चालतं, त्यामुळं त्यांनी तो बारकाईनं मांडलाय. वायर चारी बाजूंनी इन्सुलेशनमध्ये गेली आणि तशी लांबी फक्त 50 मिलिमीटर असली तर तिची क्षमता 0.88 पट धरायची. 100 मिलिमीटरला 0.78, 200 ला 0.63, 400 ला 0.51. अर्धा मीटर आणि त्याच्या पुढं सरळ निम्मी. यातली खोच लक्षात घ्या. भिंतीतून आरपार जाताना वीतभर झाकली गेली तर फार बिघडत नाही, पण खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वूलखाली गेली तर अर्धी ताकद गेली.

अडीच स्क्वेअरची जोडी पाइपातून गेली असेल तर आपल्याकडच्या कंपन्यांच्या तक्त्यांत ती 18 अँपिअरच्या आसपास दिलेली असते, तीही भोवतालचं तापमान 40 डिग्री धरून. तिचे निम्मे झाले 9. तुमचा गिझर 13 चा. आणि पत्र्याखालची पोकळी 40 डिग्रीला थांबते का? बाहेर पारा 38 ला असला की दुपारी तीन वाजता पत्र्याखाली डोकं घालून बघा, मला आकडा सांगायची गरज पडणार नाही. हवा 50 डिग्रीला गेली की पीव्हीसी वायरीची क्षमता 40 च्या मानानं आणखी 0.82 पट होते, 60 ला गेली तर 0.58 पट. म्हणजे 9 चे सव्वासात, किंवा पाच-सव्वापाच. दीड टनाचा एसी चालताना सात-आठ अँपिअर घेतो.

माझं मत असं की तुमच्या घरात धोका गिझरपेक्षा एसीच्या वायरीला जास्त आहे. गिझर सकाळी पंधरा-वीस मिनिटं चालतो, तेव्हा पत्रा गार असतो, आणि वायर पुरती तापायच्या आत काम संपतं. एसी चालतो भर उन्हाच्या दुपारी, तास-तासभर, पत्रा सगळ्यात जास्त तापलेला असताना. लोक मात्र नेमके उलटे घाबरतात, गिझर म्हटलं की दचकतात आणि एसीचं नावही काढत नाहीत.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इंटरनेटवरचे परदेशी व्हिडिओ बघून आलेली गिऱ्हाइकं मला आठवड्याला भेटतात. त्या व्हिडिओत सांगतात, वायर उचला आणि इन्सुलेशनच्या वर ठेवा. तिकडं ते अगदी बरोबर आहे. तिथं खोली गरम ठेवायची असते आणि माळा थंड असतो, म्हणजे वूलच्या वर गार हवा. आपल्याकडं गणित उलटं. वूल सीलिंगवर पसरलं की खोली गार राहते, पण पत्रा आणि वूल यांच्या मधल्या पट्ट्यात सगळी धग कोंडते. वायर वर उचलली म्हणजे घोंगड्यातनं काढून तव्याखाली ठेवली. झाकण्यापेक्षा हे बरं, कारण निदान हवा खेळते आणि वायर डोळ्यांना दिसते, पण हा पूर्ण उपाय नाही.

म्हणून वायर झाकायची की उघडी ठेवायची हे ठरवण्याआधी, वूल कुठं लावायचं हे ठरवा. माझा सल्ला, सीलिंगवर अंथरू नका. पत्र्याच्या पोटाशी लावा. लोखंडी पर्लिनच्या (पत्रा ज्यांच्यावर टेकतो त्या आडव्या पट्ट्यांच्या) खालून जीआयची, म्हणजे जस्त चढवलेली, जाळी ताणायची, जाळी आणि पत्र्याच्या मध्ये वूल बसवायचं. उष्णता वरच्या वर अडते, खालची सगळी पोकळी खोलीच्या जवळपास तापमानाला राहते, आणि वायरी त्या गार पोकळीत मोकळ्या राहतात. कारखान्यांच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं असंच करतात, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली कुठलीही नवी शेड आतून बघा. मजुरी थोडी जास्त जाते आणि कडेला वीतभर जागेत हात पोचवताना त्रास होतो, हे कबूल. पण वायरिंगचा नव्वद टक्के प्रश्न तिथंच संपतो. आणखी एक फायदा: 48 घनतेचं (घनमीटरला 48 किलो) 50 मिलिमीटर रॉकवूल चौरस मीटरला 2.4 किलो भरतं. दहा बाय बाराच्या खोलीला सत्तावीस किलो झाले. तेवढं वजन जिप्समच्या बारीक पट्ट्यांवर टाकण्यापेक्षा पर्लिनवर गेलेलं बरं.

आणि हे सगळं करायच्या आधी पत्र्यावर बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग मारून एक उन्हाळा काढून बघा, असंही सांगेन. त्यात माझा धंदा बुडतो. पण एकाही वायरीला हात न लावता फरक पडतो.

तरी सीलिंगवरच अंथरायचं ठरलं, कारण वूल आधीच आणून ठेवलंय किंवा पत्र्यापर्यंत हात पोचत नाही, तर मी कसं करतो ते सांगतो.

आधी एसी आणि गिझरच्या वायरी पोकळीतून काढून टाकतो. भिंतीच्या वरच्या कडेनं, खोलीच्या आतल्या बाजूनं केसिंग-कॅपिंगची, म्हणजे झाकणाची प्लास्टिक पट्टी मारून न्यायच्या. दिसायला थोडं वाईट, पण एकदा रंग मारला की घरातल्यांची नजर सरावते. वायर वरूनच न्यावी लागली तर चार स्क्वेअर घालायची आणि ती वूलच्या वर, पत्र्यापासून खाली, अँगलला किंवा वाशाला सॅडलनं बांधून घ्यायची. लोंबती ठेवायची नाही, कारण लोंबती वायर पुढं कुणाच्या तरी पायात येते किंवा हळूहळू वूलमध्ये बुडते.

पंखे आणि एलईडी लाइटच्या वायरींची मी फार काळजी करत नाही. दीड स्क्वेअरमधून एखादा-दीड अँपिअर जातो. तेवढ्यानं झाकलेली वायरही तापत नाही. तरी शक्य तिथं बाजूला घेतोच, कारण पुढच्या माणसाला ती दिसली पाहिजे. अगदीच जागा नसेल तर जिप्समच्या बोर्डाला चिकटून खाली राहू द्यायची, म्हणजे एक बाजू तरी बोर्डाला टेकून खोलीकडं उष्णता सोडते. वूलच्या दोन थरांच्या मध्ये वायर हा सगळ्यात वाईट प्रकार. आणि एका पाइपात सहा-सात वायरी कोंबल्या असतील तर झाकायच्या आधी त्या फोडून दोन पाइपांत घ्या.

आता जॉइंट. यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण माझ्या पाहण्यात पोकळीत जेवढ्या वायरी जळल्या त्यातल्या बहुतेक मधेच जळल्या नाहीत, जॉइंटला जळल्या.

मंगळवार पेठेतलं एक घर. पत्र्याखाली सीलिंग, वर ग्लासवूल, दोन-तीन वर्षांपूर्वी घातलेलं. मला बोलावलं होतं वेगळ्याच कामाला, पंख्याचा रेग्युलेटर बदलायला. घरातल्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात सारखा वास येतोय बघा, मी म्हटलं वर उंदीर मेलाय." वास मलाही आला. पण मेलेल्या उंदराचा वास दोन आठवड्यांत जातो, आणि हा म्हणे दर उन्हाळ्यात एसी लावला की यायचा. बॅटरी घेऊन वर चढलो. वूल पिवळं असतं, त्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा भाग चहाच्या रंगाचा झाला होता. उचललं तर खाली पिळून टेप मारलेला जॉइंट. टेपचा डिंक वितळून वूलमध्ये मुरला होता. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं वायरीचं आवरण काळं पडलं होतं, बोटानं जरा दाबलं तर तुकडा हातात आला आणि खालचं तांबं उघडं पडलं, तेही चमकदार नाही, जांभळट. पुढं वीतभर अंतरावर तीच वायर नव्यासारखी मऊ होती. एसी त्या दिवशीही चालू होता. एमसीबी कधी पडली नव्हती.

यामागचा हिशेब साधा आहे. पिळलेल्या जॉइंटला काळानुसार गंज धरतो, पीळ सैल होतो, रेझिस्टन्स म्हणजे विजेला होणारा अडथळा वाढतो. समजा तो ओहमचा विसावा भाग झाला, तर 13 अँपिअरला तिथं साडेआठ वॅट उष्णता निघते. आकडा लहान दिसतो, पण ती निघते नखाएवढ्या जागेत आणि वर वूलची रजई. तापलं की गंज वाढतो, गंज वाढला की आणखी तापतं.

म्हणून पोकळीत पिळून टेप मारलेला एकही जॉइंट ठेवायचा नाही. वूल घालायच्या आधी प्रत्येक जॉइंट शोधून काढा. शक्यतो सलग वायर ओढून जॉइंटच घालवा. ठेवावाच लागला तर चांगल्या कनेक्टरमध्ये, झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये, आणि तो बॉक्स वूलच्या वर उघडा, हात पोचेल असा. बॉक्स कुठं आहे ते सीलिंगच्या खालच्या बाजूला पेन्सिलनं बारीक फुली मारून ठेवा. दहा वर्षांनी येणारा वायरमन तुम्हाला दुवा देईल. तो मीही असू शकतो.

सीलिंगमध्ये बसवलेल्या दिव्यांचं वेगळं. जुने 50 वॅटचे हॅलोजन असतील तर चर्चाच नको, आधी काढा. एलईडी डाउनलाइट गार असतात असं वाटतं, पण त्यांची उष्णता मागच्या बाजूनं, म्हणजे वूलच्या बाजूनं निघते, आणि ड्रायव्हरची, म्हणजे दिव्याला लागणारी वीज तयार करणारी, डबी तिथंच पडलेली असते. झाकली तर आग लागेलच असं नाही, पण पाच वर्षं चालणारा दिवा दीड वर्षात लुकलुकायला लागतो. प्रत्येक दिव्याभोवती चारही बाजूंनी चार बोटं मोकळी ठेवा. वूल सरकून आत पडू नये म्हणून मी सिमेंट शीटच्या पट्ट्यांचा चौकोन करून ठेवतो, वरून उघडा. एका गिऱ्हाइकानं कुंभाराकडून मातीच्या कुंड्या आणून दिव्यांवर उपड्या घातल्या होत्या, भोक वर ठेवून. कल्पना चांगली होती, मलाही आवडली. पण दहा कुंड्यांचं वजन जिप्समवर, म्हणून काढायला लावल्या.

वूलच्या ऐवजी थर्माकोल घालतो, स्वस्त पडतं, असं विचारणारेही असतात. आगीचं सोडून द्या, त्यात दुसरी एक गंमत आहे जी अनेक वायरमनांनाही ठाऊक नसते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात एक तेलकट द्रव्य घातलेलं असतं. थर्माकोल वायरीला टेकला की ते द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये शिरतं. थर्माकोल तिथं विरघळल्यासारखा खचतो आणि वायर कडक होऊन तडकते. मी शीट उचलली तेव्हा तिच्यावर वायरीच्या जाडीची नाली पडलेली बघितलीय, जणू कुणी तापल्या सळीनं ओढली. त्या वायरीतून फक्त एका ट्यूबलाइटचा प्रवाह जात होता, म्हणजे तापायचा काही संबंधच नव्हता. थर्माकोल घालायचाच तर वायर पाइपात हवी, किंवा मध्ये अंतर हवं.

चांदीसारख्या चकचकीत बबल शीटबद्दल मात्र जरा कडक बोलतो. ती पत्र्याखाली छान काम करते, मी स्वतः लावतो. पण तिच्यावरचा थर अॅल्युमिनियमचा असतो आणि अॅल्युमिनियम वीज वाहून नेतं. ती ठोकायला स्टेपलर किंवा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू वापरतात. त्यातला एक जरी वायरीतून गेला तर सगळी शीट, जाळी, पर्लिन आणि पत्रा एकदम जिवंत होतो. ऑस्ट्रेलियात 2009 साली सरकारनं घरोघरी इन्सुलेशन घालायची मोठी योजना काढली. घाईघाईत नवशिकी पोरं माळ्यावर चढवली गेली. चार तरुण कामगार मेले, तिघं विजेच्या धक्क्यानं आणि एक माळ्यावरच्या उष्णतेनं. तिघांतल्या दोघांच्या बाबतीत फॉइलची शीट होती. पहिल्या मृत्यूनंतर तिथं फॉइल ठोकायला धातूच्या स्टेपलवर बंदी आली, 2010 मध्ये योजना गुंडाळली आणि पुढं रॉयल कमिशननं चौकशी केली. चौथा मुलगा उष्णतेनं गेला हे लोक विसरतात. आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याखाली दुपारी दोन वाजता काम करणाऱ्या पोरानं ते लक्षात ठेवावं. मी असली कामं पावसाळा सरल्यावर, दिवाळी ते शिवरात्र एवढ्यातच घेतो, तीही सकाळी.

फॉइल लावायची तर वायरी आधी पाइपात घ्या, फॉइलपासून चार बोटं लांब ठेवा, आणि पत्रा, जाळी, पर्लिन अर्थिंगला जोडून घ्या. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पडणारा स्विच, चालू स्थितीत असली पाहिजे. चालू म्हणजे टेस्टचं बटण दाबल्यावर पडणारी. पावसाळ्यात सारखी पडते म्हणून आरसीसीबीला बायपास केलेली घरं कोल्हापुरात मी इतकी बघितलीत की आता नवल वाटत नाही. पत्र्याच्या स्क्रूतनं पाणी झिरपतं, वूल भिजतं, ओलं वूल कुरतडलेल्या वायरीला टेकतं, आणि ती बिचारी आपलं काम करून पडते. दोष तिच्यात नसतो, वर असतो. तिला काढणं म्हणजे भुंकतंय म्हणून राखणीचं कुत्रं हाकलणं. वूल घालायच्या आधी पत्र्याची गळती बंद करा, वॉशर बदला.

उंदरांना वूल आवडतं. गार, मऊ, अंधार. मोकळी वायर दिसली की दात घासतात. वायर पाइपात घालणं आणि कडेची भोकं जाळीनं बुजवणं, एवढाच खरा इलाज. औषधानं मेला तर वर वास येणार, आणि मग खरा उंदीर की जळका जॉइंट याचा घोळ नको.

जुन्या कौलारू घरांसाठी एक ओळ, कारण शिवाजी पेठेतून वगैरे असे प्रश्न येतात. पाटणीच्या माळ्यावर लाकडी पट्टीवर ठोकलेलं, कापडी-रबरी वायरींचं जुनं वायरिंग असेल तर त्याच्यावर काहीही घालू नका, हलवूही नका. रबर हात लावताच भुगा होऊन पडतं. आधी वायरिंग बदला, मग इन्सुलेशन. आणि भाताचं तूस किंवा उसाचं पाचट पसरून गारवा येतो हे खरं असलं, तरी वायरीजवळ ते म्हणजे सरपण.

आता रविवार आणि मेव्हणे. काही काम तुम्ही नक्की करू शकता. वूल कापणं, अंथरणं, जाळी ताणणं हे मजुरीचं काम आहे. अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि चांगला मास्क घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजवत बसाल. जिप्समवर पाय देऊ नका, अँगलवर आडवी फळी टाकून तिच्यावरच बसा. जॉइंट बदलणं, वायर हलवणं, एसीचं सर्किट नवीन ओढणं हे परवानाधारक वायरमनकडून करून घ्या आणि तुमचं वूल त्याच्यानंतर येऊ द्या. बहुतेक घरांत क्रम उलटा होतो: आधी वूल, मग वास, मग वायरमन.

वर चढण्याआधी मेन बंद करणं सगळ्यांना ठाऊक असतं. पण इन्व्हर्टर? मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली, आणि तो इमानदारीनं पंखे-लाइटच्या वायरींत 230 व्होल्ट सोडतो. नेमक्या त्याच वायरी पोकळीत असतात. इन्व्हर्टर स्वतंत्र बंद करा, त्याच्या आउटपुटची एमसीबी पाडा. छतावर सोलर असेल तर पॅनेलपासून खाली येणाऱ्या डीसी वायरी ऊन असेपर्यंत जिवंतच असतात, खालचं काहीही बंद केलं तरी. त्यांना वूलमध्ये गुंडाळायचं नाही, त्यांच्याजवळ स्क्रू मारायचा नाही आणि त्या उघडायच्या नाहीत. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका, शेजारच्या वायरीच्या प्रभावानंही त्याचा दिवा मिणमिणतो आणि खराब टेस्टर जिवंत वायरीवरही लागत नाही. मल्टिमीटर लावून फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही बघा, आणि तो मीटर आधी चालू सॉकेटवर तपासून घ्या. मेनजवळ घरातल्या एकाला बसवा. "लाइट का गेली" म्हणत आजोबांनी येऊन स्विच वर केल्याचे किस्से माझ्याकडं दोन आहेत, दोन्ही सुदैवानं हसण्यावारी गेले.

काम झाल्यावर वूल झाकायच्या आधी वायरमनला मेगर, म्हणजे वायरीचं आवरण तपासायचा मीटर, लावायला सांगा. 500 व्होल्टवर, दिव्यांचे ड्रायव्हर आणि उपकरणं सुटी करून, प्रत्येक सर्किटला निदान एक मेगाओहम आलं पाहिजे. नवीन वायरीला त्याहून कितीतरी जास्त येतं, त्यामुळं एक-दोनवर अडकलं तर समजा कुठंतरी स्क्रू घुसलाय किंवा ओल आहे. मग एसी तासभर चालवा आणि वर जाऊन त्याच्या वायरीला हाताची पाठ लावा, तळवा नाही. कोमट लागली तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करून मला किंवा तुमच्या नेहमीच्या वायरमनला फोन करा.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या बाथरूमच्या वरच्या कोपऱ्यात निळी टेप गुंडाळलेली दिसतेय, गिझरच्या वायरीवर. सुरुवात तिथून करा.